मनगटावरचे घड्याळ आणि काळजाचा ठेका

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते आणि मीही म्हणतो, कारण चौथीपर्यंतचे माझे अंकगणित त्यांच्याच छडीच्या धाकाने पुरे झाले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांच्या मुलाने पुण्याहून येताना त्यांच्यासाठी एक नव्या तऱ्हेचे घड्याळ आणले. हे घड्याळ वेळ सांगते, पावले मोजते आणि मनगटावर बसल्या बसल्या नाडीही पाहते. गुरुजींना त्याचे मोठे कौतुक. पारावर बसले की बाही वर सरकवून ते चारचौघांना आपले ठोके दाखवीत. पुढे पौष महिन्यात ते घड्याळ मधूनमधून थरथरू लागले, आणि त्याच्या काचेवर अक्षरे उमटू लागली की, नाडीचे ठोके अनियमित वाटतात, डॉक्टरांना दाखवा. गुरुजींना ना धाप, ना छातीत दुखणे. ते म्हणाले, "मला काही झालेलं नाही, घड्याळच बिघडलंय." नातवाने ती सूचना बंद करून टाकली. घड्याळ पुन्हा शहाण्यासारखे नुसती वेळ सांगू लागले.

त्या तीन महिन्यांत गुरुजी गुडघेदुखीसाठी माझ्या दवाखान्यात दोनदा येऊन गेले. बाहेर बाकांवर गर्दी होती. मी यंत्राने रक्तदाब पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा हात हातात घेऊन नाडी काही मी पाहिली नाही. चैत्रात एके दिवशी सकाळी त्यांच्या हातून चहाची कपबशी गळून पडली. तोंड एका बाजूला ओढले गेले, आणि सूनबाई काय विचारते आहे ते समजत असूनही शब्द बाहेर येईनात. सूनबाईने वेळ घालवला नाही. शेजाऱ्यांची गाडी काढून तिने त्यांना दीड तासात जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले, म्हणून गुरुजी आज आपल्यात आहेत आणि काठी टेकीत पारापर्यंत येतात. पण ज्यांच्या वाचनाने वर्ग स्तब्ध होई, त्यांना आता वर्तमानपत्राची एक ओळ मोठ्याने वाचताना तीनदा थांबावे लागते.

तेव्हा, श्रोतेहो, आज जे सांगणार आहे ते त्या घड्याळाविषयी आहे, आणि मी न पाहिलेल्या त्या नाडीविषयीही.

प्रथम हे पाहू की, बिघाड काळजात आणि घाव मेंदूवर, असे कसे झाले? आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो विजेची अगदी सूक्ष्म लहर सोडतो, ती वरून खाली पसरते, आणि तिच्यामागोमाग आधी वरचे आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसात असे मिनिटाला साठ ते शंभर वेळा होते. भजनात पखवाजवाल्याने ठेका धरावा आणि टाळकऱ्यांनी त्यावर टाळ वाजवावेत, तसे हे चालते. काही माणसांत, विशेषतः वय वाढल्यावर, हा ठेका मोडतो. वरच्या कप्प्यांत एकाऐवजी शेकडो लहरी इकडून तिकडे धावू लागतात. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण आज त्याला वरच्या कप्प्यांची थरथर म्हणू. अशा माणसाच्या नाडीवर बोट ठेवले तर ठोके कसे लागतात? मृगाच्या पहिल्या पावसाचे थेंब पत्र्यावर पडतात ना, दोन जवळजवळ, मग एक उशिराने, मग एकदम तीन, त्यात काही हिशेब नसतो, अगदी तसे.

आता डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला लागून एक लहानशी पिशवी असते, भिंतीतल्या कोनाड्यासारखी. कप्पा थरथरू लागला की या कोनाड्यातले रक्त हालत नाही. पाटाचे पाणी एखाद्या खळग्यात थांबले की त्यावर शेवाळ धरते. थांबलेल्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी एखाद्या दिवशी सुटते, मोठ्या रक्तवाहिनीत येते आणि रक्ताच्या ओघाबरोबर वर मेंदूकडे जाते. तेथल्या वाहिन्या बारीक बारीक होत जातात. चारीत ढेकूळ अडकले म्हणजे पुढचा वाफा कोरडा राहतो, तसा मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो. यालाच आपण अर्धांगवायू, लकवा किंवा पक्षाघात म्हणतो. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातील लोकांची प्रकृती १९४८ सालापासून पिढ्यान्‌पिढ्या तपासली जात आहे. त्या अभ्यासातून असे दिसले की, वरचे कप्पे थरथरणाऱ्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आणि हा धोका टाळता येतो! रक्त गोठू न देणारी औषधे योग्य माणसाला नियमित दिली, तर असे झटके जवळजवळ दोनतृतीयांशाने कमी होतात.

मग अडचण कोठे आहे? अडचण ही की, ही थरथर पुष्कळदा दुखत नाही, खुपत नाही. काहींना छातीत धडधडते, थकवा येतो. काहींना काहीच कळत नाही. शिवाय ती येते आणि जाते. सोमवारी रात्री दोन तास आली, बुधवारी माणूस दवाखान्यात गेला, तेथे छातीचा आलेख काढला, तर तो निर्दोष निघतो. चोर रात्री येतो आणि पहारेकरी दुपारी दहा सेकंद डोकावून जातो, तेव्हा तो सापडावा कसा? म्हणून काळजावर रात्रंदिवस पहारा ठेवता आला पाहिजे, ही कल्पना डॉक्टरांना फार वर्षांपासून होती.

त्या खटपटीची हकीकत मोठी मौजेची आहे. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या हृदयातील विजेचा आलेख शरीर न उघडता पहिल्यांदा काढला. व्याख्यानांतून प्रयोग दाखवायला त्याने आपला जिमी नावाचा बुलडॉग तयार केला होता. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून जिमी निमूटपणे उभा राही. कुत्र्याचा छळ होतो अशा तक्रारीवरून १९०९ साली पार्लमेंटात प्रश्नसुद्धा विचारला गेला. पुढे हॉलंडमध्ये लायडन येथे विलेम आइन्टहोवेन यांनी १९०१ ते १९०३ या काळात असे यंत्र सिद्ध केले की, आलेख अगदी स्पष्ट उमटू लागला. ते यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. हे धूड रुग्णालयात नेणे अशक्य, तेव्हा १९०५ साली आइन्टहोवेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातील रोग्याचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत मागवला! आज पाड्यावरची परिचारिका मोबाइलवरून तालुक्याला आलेख धाडते, तिची ही पणजी समजा. आइन्टहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अमेरिकेत मोंटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर यांनी १९४० च्या दशकात पाठीवर बांधायचे यंत्र केले. त्याचे वजन अडतीस किलो, म्हणजे गव्हाचे जवळजवळ अर्धे पोते. ते पाठीवर घेऊन माणसाने हिंडायचे आणि त्याच्या काळजाचा आलेख बिनतारी लहरींनी दूर उमटायचा. आज हॉल्टर यांच्याच नावाचे यंत्र खिशात मावते आणि एकदोन दिवसांची नोंद करते.

घड्याळाची युक्ती मात्र विजेची नाही, उजेडाची आहे. शिक्षकबंधू आणि भगिनींनो, हा प्रयोग वर्गात करून दाखवण्याजोगा आहे. मोबाइलची बत्ती लावा, त्यावर बोटाचे पेर ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. पेर निखाऱ्यासारखे लाल दिसेल. उजेड मांसातून पार होतो आणि रक्त त्यातला काही भाग गिळते. प्रत्येक ठोक्याला पेरात रक्ताचा लोंढा येतो, तेव्हा उजेड किंचित मंद होतो. लोंढा ओसरला की किंचित वाढतो. हा फरक डोळ्यांना दिसण्यासारखा नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना आपण पाहिला असेल, तोही हेच करतो. रक्त हिरवा उजेड अधिक गिळते, म्हणून हिरवा. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत कार्यकर्ते घरोघर येऊन बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजीत होते, ते यंत्रही याच कुळातले.

काही महागड्या घड्याळांत याखेरीज विजेची सोयही असते. घड्याळ एका मनगटावर, आणि दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या कडेच्या बटणावर तीस सेकंद ठेवायचे, म्हणजे वर्तुळ पुरे होऊन आलेखाची एक रेघ उमटते. मोबाइलला जोडायच्या लहान पट्ट्याही मिळतात. त्यांवर दोन्ही हातांची बोटे ठेवायची. वॉलर यांच्या भांड्यातले मिठाचे पाणी तेवढे आता लागत नाही. मात्र शेतात राबून कोरडे आणि भेगाळलेले बोट असेल तर रेघ नीट उमटत नाही. हात धुऊन किंचित ओलसर ठेवावा. हिरव्या दिव्याचेही एक आहे. मनगटावर गोंदण असेल तर शाई उजेड अडवते आणि घड्याळ गोंधळते. आपल्याकडच्या कित्येक आजींच्या मनगटावर तुळस नाहीतर ठिपके गोंदलेले आहेत. घड्याळ करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे या आजी नव्हत्या. बांगड्या वर सारून, गोंदण नसलेल्या जागी पट्टा नीट बसेल असा बांधावा.

आता कोणी विचारील, या घड्याळाचे म्हणणे खरे किती मानावे? याची मोठमोठी परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपल कंपनीचे घड्याळ वापरणाऱ्या ४,१९,२९७ लोकांवर एक पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. घड्याळाने सूचना दिली ती फक्त २,१६१ लोकांना, म्हणजे हजारी पाच. पासष्टीच्या पुढच्या लोकांत मात्र शंभरात सुमारे तिघांना. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीला आठवडाभर पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातील सुमारे एकतृतीयांश लोकांत थरथर सापडली. उरलेल्यांचे घड्याळ खोटे बोलले असे नाही; येऊन जाणारी गोष्ट त्या आठवड्यात आलीच नसेल. पण काहींच्या बाबतीत ते खोटेही बोलले.

येथे गुरुजींनी शिकवलेले अंकगणित उपयोगी पडते. असे धरून चाला की, एखादे यंत्र शंभर निरोगी माणसांत एकाला चुकून घाबरवते आणि आजारी माणूस कधी चुकवत नाही. हजार तरुण पोरे घ्या, त्यांच्यात खरी थरथर एखाद्यालाच. यंत्र त्याला पकडील आणि आणखी दहा जणांना विनाकारण घाबरवील. अकरा सूचना, त्यांतली एक खरी. आता हजार म्हातारी माणसे घ्या, त्यांच्यात पन्नास जणांना थरथर आहे. यंत्र पन्नास खऱ्या सूचना देईल आणि साडेनऊ-दहा खोट्या. यंत्र तेच, मनगट बदलले की त्याच्या शब्दाची किंमत बदलली. मला याचा रोज अनुभव येतो. शहरात नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा सुटीत येतो आणि घड्याळाचे चोवीस आकडे दाखवून म्हणतो, "डॉक्टर, काल रात्री ठोके अठ्ठेचाळीसवर आले होते." अरे बाबा, तू झोपला होतास! आणि ज्या आजोबांच्या मनगटावर ते घड्याळ असायला हवे, ते आजोबा घरी ओट्यावर.

त्यातही नुसते शोधून काढले म्हणजे काम झाले असे नाही. डेन्मार्कमध्ये सत्तर ते नव्वद वयाच्या ६,००४ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींच्या छातीच्या कातडीखाली एक लहान नोंदयंत्र बसवून वर्षानुवर्षे पहारा ठेवला. यंत्र असलेल्यांत थरथर शंभरात बत्तीस जणांना सापडली, यंत्र नसलेल्यांत बारा जणांना. औषधेही तितकी अधिक दिली गेली. तरी पक्षाघातांच्या संख्येत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही. क्षणभर येऊन जाणारी प्रत्येक थरथर सारखीच घातक नसते, हे त्यावरून दिसते. त्याच वर्षी स्वीडनमधील पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे पंचाहत्तरी गाठलेल्या लोकांना घरी दिवसातून दोनदा एका लहान यंत्रावर अंगठे ठेवायला सांगितले होते. त्यात फायदा दिसला, पण तो थोडा होता. आणि रक्त गोठू न देणारी गोळी ही काही खडीसाखर नव्हे, तिने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून घड्याळाने सांगितले आणि आपण औषधाच्या दुकानातून गोळी आणली, असे कदापि करू नये. घड्याळाने सांगितले तर डॉक्टरांकडे जाऊन पुरा आलेख काढावा. औषध कोणाला द्यायचे ते वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका हे सारे पाहून ठरते.

आता आपल्याकडचे पाहू. २०१५ साली गुजरातेत आणंद जिल्ह्यातील सहा खेड्यांत साडेतीनशेच्या आसपास प्रौढ स्त्री-पुरुषांची मोबाइलला जोडलेल्या आलेखयंत्राने तपासणी झाली. एकदाच तपासून न सोडता ती काही दिवस पुन्हा पुन्हा केली. शंभरात सुमारे पाच जणांना थरथर निघाली. संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण खेड्यातल्या कष्टाळू माणसांना हा रोग नसतोच, असे जे आपण समजतो, त्याला तेथे तडा गेला. तपासणीला रुग्णालय लागले नाही. शिकवून तयार केलेली माणसे आणि एक मोबाइल एवढ्यावर भागले.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाश्चात्त्य देशांत ही थरथर बहुधा म्हातारपणी येते. आपल्या देशातील हृदयतज्ज्ञांनी ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदीत जवळजवळ निम्म्या लोकांच्या हृदयाच्या झडपा संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या होत्या, आणि रोग्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. हा ताप शाळकरी वयात येतो. मुलाचा घसा लाल होतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो बरा होतो न होतो तो घोटा सुजतो. घरचे म्हणतात, पडला असेल. आत हृदयाची झडप जखमी होत असते. मग वीस-पंचवीस वर्षांनी, बाळंतपणाच्या वेळी धाप लागलेली एखादी सून किंवा तिशीत लकवा झालेला एखादा ऊसतोड कामगार आमच्यापुढे येतो. झडप अशी आकसलेली असून वर थरथरही असली, तर पक्षाघाताचा धोका फ्रेमिंगहॅमच्या नोंदीप्रमाणे सतरापट होतो. घसा वेळेवर दाखवून पेनिसिलिनसारखे साधे औषध पुरते दिले, तर हे सारे टळते. ज्या मुलाला असा ताप एकदा येऊन गेला आहे, त्याला तीनचार आठवड्यांनी एक इंजेक्शन असे कित्येक वर्षे घ्यावे लागते. कवायतीच्या तासाला धापणारा, सांधे धरून बसणारा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्या. हे काम कोणतेही घड्याळ करीत नाही.

घड्याळ आणखी काय करीत नाही ते सांगतो, कारण जाहिराती ते सांगत नाहीत. घड्याळाला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. रुग्णालयातील आलेख बारा बाजूंनी काळजाकडे पाहतो, घड्याळ एका बाजूने. छातीत दाब येतो आहे, घाम फुटला आहे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाते आहे, आणि माणूस घड्याळाची रेघ पाहून म्हणतो, "सगळं ठीक दाखवतंय," हा प्रसंग मी पाहिलेला आहे. अशा वेळी घड्याळ काढून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. बाजारात हजार-दीड हजाराची घड्याळे मिळतात, ती म्हणे टोचल्यावाचून रक्तातील साखर सांगतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, टोचल्यावाचून साखर मोजणारे असे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन घेतले तर जीव जाईल. रक्तदाबाचेही तसेच, दंडाला पट्टा बांधून मोजलेला दाब खरा. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे, म्हणून माझे स्पष्ट मत विचाराल तर, चाळीस हजारांच्या घड्याळाआधी गावाने दोनअडीच हजारांचे दंडाला बांधायचे चांगले यंत्र घ्यावे, आणि ते शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावे.

मेंदूच्या दुखण्यांसाठीही मनगटावरची यंत्रे निघाली आहेत. त्यांतले एक आकडी येणाऱ्या, म्हणजे फेफऱ्याच्या रोग्यांसाठी आहे. त्याचा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील रोझलिंड पिकार्ड या मनातील ताण मोजण्यासाठी तळव्यावरच्या घामासारखी सूक्ष्म लक्षणे टिपणारे पट्टे तयार करीत होत्या. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सुटीत आपल्या लहान भावासाठी ते पट्टे घरी नेले. नोंदी पाहताना बाईंना दिसले की, एका मनगटावरची रेघ एकाएकी डोंगरासारखी चढली आहे. त्यांना वाटले, पट्टा बिघडला. आमच्या गुरुजींना वाटले तेच! पण त्या तेथे थांबल्या नाहीत. त्यांनी विद्यार्थ्याला फोन करून त्या दिवसाची वही पाहायला लावली, तेव्हा कळले की त्याच सुमारास त्या मुलाला आकडी आली होती. त्यातून पुढे झालेल्या पट्ट्याला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठी आकडी आली की तो आईवडिलांच्या मोबाइलवर हाक देतो. तो महाग आहे आणि आपल्या खेड्यांपर्यंत पोचलेला नाही. तोवर वर्गात मुलाला आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली दप्तर द्यावे, घड्याळात वेळ पाहावी. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

पक्षाघाताची वेळही घड्याळातच पाहायची असते. माणसाला हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? एक वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का? यांतले एक जरी दिसले, तरी किती वाजता सुरू झाले ते लिहून घ्या आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके बरे. गुरुजींच्या सूनबाईला हे कोणी शिकवले होते? तिने ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिले होते.

गुरुजी आता ते घड्याळ पुन्हा बांधतात, पट्टा घट्ट करून, सूचना चालू ठेवून. ज्यांच्याकडे घड्याळ नाही, त्यांच्यासाठी युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला फार साधा आहे: पासष्टीच्या पुढच्या माणसाची नाडी संधी मिळेल तेव्हा पाहावी. ती कशी पाहायची ते सांगतो. माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवा. चहा-तंबाखू नको. हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेच्या खळगीत आपली पहिली दोन बोटे हलकेच टेकवा. आपला अंगठा टेकवू नका, त्याच्यात स्वतःचीच नाडी उडते. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, पुरे साठ सेकंद मोजा, कारण आपल्याला आकड्याइतकाच ठेकाही हवा आहे. मनातल्या मनात टाळ धरा आणि पुढचा ठोका केव्हा येईल ते सांगता येते का पाहा. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका. पण पत्र्यावरच्या पावसासारखे लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा आणि तसेच लागले तर आलेख काढून घ्या. घरात साठीच्या पुढचे जे कोणी असतील, त्यांच्यापासून आज रात्री जेवणाआधी सुरुवात करा, आणि तारीख घालून आकडा वहीत लिहून ठेवा.